कंसातला धनगर : सोन्थायमर, फेल्डहाऊस आणि नगरची माळराने

१

नगर जिल्ह्यात ‘जर्मन’ हा शब्द तीन वाटांनी आला. पहिली वाट बाजाराची. अॅल्युमिनियमच्या भांड्याला आमच्याकडे जुनी माणसे अजूनही ‘जर्मलचे पातेले’ म्हणतात. दुसरी वाट लष्कराची. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना नगरच्या छावणीत स्थानबद्ध करून ठेवले होते. तिसरी वाट पाण्याची. १९९० नंतरच्या दशकात डोंगरउतारांवर सलग समतल चर खोदले गेले, ओढ्यांवर बांध पडले, आणि ‘इंडो-जर्मन’ हे जोडनाव शाळेत न गेलेल्या माणसांच्याही तोंडी बसले.

चौथी वाट पुस्तकाची आहे. ती आपल्याकडे फारशी मळलेली नाही. याच माळरानांवर हिंडणाऱ्या मेंढपाळांच्या देवांविषयी एका जर्मन अभ्यासकाने आयुष्यभर काम केले, त्या कामाचा ग्रंथ एका अमेरिकन विदुषीने इंग्रजीत नेला, आणि महाराष्ट्राच्या धर्मजीवनाविषयी जगभर जे बोलले जाते त्यातला मोठा भाग आज त्या ग्रंथावर उभा आहे. प्रस्तुत लेखात या ग्रंथाची आणि त्याच्या प्रवासाची तपासणी करायची आहे. युरोप-अमेरिकेच्या विद्यापीठांतले सहकार्य ज्ञान कसे वाढवते, हे त्या प्रवासात दिसते. ते वाढवताना कोणाचे नाव पुढे येते आणि कोणाचे मागे पडते, हेही दिसते.

गुंथर-डिट्झ सोन्थायमर (१९३४–१९९२) हे हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतले अभ्यासक. त्यांचा मूळ विषय कायदा. एकत्र हिंदू कुटुंब ही कायदेशीर संस्था म्हणून कशी घडली, यावर त्यांनी पुस्तक लिहिले आहे. पण त्यांचे नाव राहिले ते दुसऱ्या कामामुळे. ते मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर आणि जत्रांत वर्षानुवर्षे गेले, ओव्या ऐकल्या, ध्वनिमुद्रित केल्या. १९७६ मध्ये वीसबाडेनहून त्यांचा जर्मन ग्रंथ निघाला. त्याचे शीर्षक मराठीत आणायचे तर असे होईल : ‘बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा : महाराष्ट्रातील पशुपालक देवतांचा उगम, इतिहास आणि भोवताल’. तेरा वर्षांनी, १९८९ मध्ये, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्याचा इंग्रजी अनुवाद काढला. अनुवादक अॅन फेल्डहाऊस, अॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या प्राध्यापक. इंग्रजी नाव ‘पास्टोरल डीटीज इन वेस्टर्न इंडिया’.

तेव्हापासून शोधनिबंधांत हा ग्रंथ ज्या रूपात भेटतो ते रूप म्हणजे एक कंस : (सोन्थायमर १९८९). या कंसात किती माणसे दाटीवाटीने बसली आहेत, हा माझा प्रश्न आहे.

२

आधी ग्रंथाचे मोठेपण नीट सांगितले पाहिजे, कारण ते सांगितल्याशिवाय पुढची तक्रार करण्याचा अधिकार मिळत नाही.

सोन्थायमर यांच्या आधी धनगरांच्या देवांकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ होत्या. एक रीत माहात्म्यग्रंथांची : खंडोबा म्हणजे मणी-मल्ल दैत्यांना मारणारा शिवाचा मार्तंडभैरव अवतार, एवढे सांगितले की काम संपले. दुसरी रीत गॅझेटियरची : जात, तिच्या पोटजाती, तिचे देव, तिच्या चालीरीती, सगळे तक्त्यात. सोन्थायमर यांनी देवाला जमिनीवर उतरवले. सह्याद्रीच्या पूर्वेला पावसाच्या सावलीत येणारा जो कोरडा पट्टा आहे, तिथे नुसत्या शेतीवर भागत नाही. तिथे माणूस मेंढरे घेऊन पाऊस आणि चारा यांच्या मागे फिरतो, आणि त्याचा देवही त्याच्याबरोबर फिरतो. हा देव आधी देवळात राहत नाही. तो वारुळात असतो, झाडाखाली असतो, भक्ताच्या मागोमाग येतो. पुरंदर तालुक्यातल्या वीरचा म्हस्कोबा हा मूळचा सोनारीचा काळभैरव. एका धनगर भक्ताच्या भक्तीपायी तो आपले ठाणे सोडून इकडे आला, अशी कथा आहे. सोनारी म्हणजे आमच्या जामखेडच्या पलीकडे, परांडे तालुक्यात. सोनारीहून वीरला जायचे तर मधला कोरडा मुलूख तुडवावाच लागतो. देवाची ही वाट आणि मेंढरांची वाट एकाच मुलखातून जाते, हे सोन्थायमर यांनी वाचकाच्या लक्षात आणून दिले.

त्यांची दुसरी मोठी मांडणी ‘वन’ आणि ‘क्षेत्र’ या जोडीची. क्षेत्र म्हणजे नांगरलेली, वसलेली, देवळाची, पाटलाची आणि पुरोहिताची जमीन. वन म्हणजे तिच्या पलीकडचा माळ, डोंगर, रान. मेंढपाळांचा, शिकाऱ्यांचा आणि आदिवासींचा मुलूख. महाराष्ट्राचे कितीतरी देव या दोहोंच्या शिवेवर उभे आहेत. खंडोबाच्या दोन बायका हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. थोरली म्हाळसा वाण्याची लेक, घरंदाज, लग्नाची. धाकटी बाणाई धनगराची, रानातली, देवाने तिच्या बापाकडे मेंढरे राखून मिळवलेली. म्हाळसेचे माहेर परंपरा आमच्याच जिल्ह्यात दाखवते, प्रवरेकाठच्या नेवाशाला. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, जिथे मोहिनीराजाचे देऊळ आहे, ते गाव ‘क्षेत्र’ या शब्दाला अगदी शोभणारे. उलट पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठ्याला माळावरचा कोरठण खंडोबा. पौष पौर्णिमेला तिथे जत्रा भरते, आणि देवाचे म्हाळसेशी लग्न लागले तो दिवसही तोच. नेवासे ते कोरठण हा प्रवास केला की सोन्थायमर यांची मांडणी नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. खालच्या अंगाला काळी जमीन, पाट आणि ऊस; वरच्या अंगाला मुरूम, कुसळी गवत आणि मेंढरे.

याच विचाराचा विस्तार त्यांनी पुढे हिंदुत्वाच्या पाच घटकांविषयीच्या निबंधात केला. ब्राह्मणांची परंपरा, संन्यास, आदिवासी धर्म, लोकधर्म आणि भक्ती हे ते पाच घटक. त्यांत वरचा-खालचा असा जिना नाही. ते एकमेकांत सतत ये-जा करतात. एस. सेत्तर यांच्याबरोबर त्यांनी १९८२ मध्ये संपादित केलेला स्मारकशिलांवरचा ग्रंथ याच दृष्टीचा. गुरांसाठी लढताना पडलेल्या वीरांचे वीरगळ आपल्या गावोगावच्या मारुतीच्या पारावर शेंदूर फासून पडलेले असतात. ते इतिहासाचे साधन आहे हे आपल्याला शिकवणाऱ्यांत हा जर्मन माणूस पुढे होता.

त्यांच्या रीतीचे मोल कळण्यासाठी आणखी एका प्रवासाची आठवण ठेवावी. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली माणसांच्या कवट्यांच्या असममितीवर प्रबंध लिहिला. गुरूला वंशावंशांत फरक सापडावा असे वाटत होते. इरावतीबाईंच्या मोजमापातून तसे काही निघाले नाही, आणि त्यांनी ते तसे लिहिले. त्या काळचे ते जर्मन संशोधन माणूस मोजत होते. चाळीसएक वर्षांनी त्याच देशातून आलेल्या सोन्थायमर यांनी माणसाला बोलू दिले. ‘जर्मन संशोधन’ असा एकच गठ्ठा नसतो, हे या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की कळते. प्रश्न देशाचा नसतो. मोजपट्टी हातात घ्यायची की घोंगडीवर बसून ऐकायचे, हा असतो.

३

आता तक्रार. ती शीर्षकापासून सुरू होते.

जर्मन शीर्षकात तीन देवांची नावे आहेत, ‘महाराष्ट्र’ आहे, आणि उगम, इतिहास, भोवताल असे तीन शब्द आहेत. इंग्रजी शीर्षकात यांतले एकही नाव उरलेले नाही. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या जागी ‘पशुपालक देवता’ असा वर्ग आला. महाराष्ट्राच्या जागी ‘पश्चिम भारत’ आला. आणि ‘भोवताल’ गळून गेला. हा बदल वाईट हेतूने झाला असे मी म्हणत नाही. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात बिरोबा हे नाव कोणाला काय सांगणार? ज्या वाचकाला नकाशावर फलटण दाखवावे लागते त्याला आधी भारताची दिशा दाखवावी लागते. प्रकाशकाचे गणित समजण्यासारखे आहे. पण गणिताची बाकीही पाहिली पाहिजे. जो देव आपल्या नावाने पुस्तकात शिरला होता तो अटलांटिक ओलांडताना नमुना झाला.

हे एकाच ग्रंथाचे झाले असते तर योगायोग म्हणून सोडून दिले असते. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा १९८४ चा ग्रंथ याच घराण्यातला. पंढरीचा देव मुळात गवळी-धनगरांचा, पशुपालकांचा देव, हे त्याचे प्रतिपादन. तो इंग्रजीत नेला तोही फेल्डहाऊस यांनीच, २०११ मध्ये. तिथे शीर्षक झाले ‘द राइज ऑफ अ फोक गॉड’, म्हणजे एका लोकदेवाचा उदय. ढेऱ्यांच्या शीर्षकाचा सगळा जोर ‘महासमन्वय’ या शब्दावर होता : अनेक प्रवाह येऊन मिळाले, कोणीही पुसला गेला नाही. ‘उदय’ या शब्दात एक देव खालून वर चढतो. मराठी वाचकाला ढेरे सांगत होते की तुझा विठोबा सगळ्यांचा आहे. इंग्रजी वाचकाला शीर्षक सांगते की एक ग्रामीण देव मोठा कसा झाला ते पाहा. आतला मजकूर प्रामाणिक आहे, अनुवाद नेटका आहे. तरी दार बदलले की घरात शिरणारा माणूस वेगळ्या खोलीत जाऊन बसतो.

सोन्थायमर यांच्या मांडणीतही एक गोम आहे, आणि ती अनुवादाने आणली नाही. ‘उगम’ हा शब्द त्यांच्या शीर्षकात पहिला आहे. उगम शोधणारा अभ्यासक नेहमी मागे पाहतो. मेंढपाळांचा देव गावाचा कसा झाला, त्याला देऊळ, पुजारी, संस्कृत माहात्म्य कसे मिळाले, हे तो फार सुंदर सांगतो. पण त्या गोष्टीचा उत्तरार्ध त्याच्या हातून निसटतो. देव गावाचा झाला. मेंढपाळ कुठे गेला? देवाला गाभारा मिळाला, धनगराला जत्रेच्या दिवशी गजी खेळायचा मान मिळाला. जत्रा संपली की तो पुन्हा शिवेबाहेर. वन आणि क्षेत्र ही जोडी देवांच्या लग्नात फार छान नांदते. जमिनीच्या सातबाऱ्यावर मात्र तिच्यातला एकच शब्द लिहिला जातो.

४

संशोधनातल्या सहकार्याला लावायची कसोटी बाहेरून आणायची गरज नाही. आमच्या जिल्ह्यात ती सातशे वर्षांपासून आहे.

लीळाचरित्र लिहिणारा म्हाइंभट हा गोदाकाठच्या सराळ्याचा. चक्रधरांच्या पश्चात त्याने त्यांच्या आठवणी गोळा केल्या त्या एका जागी बसून नव्हे. ज्याने पाहिले, ज्याने ऐकले, त्याला गाठून, विचारून, ताडून. मूळ पोथी पुढे धामधुमीत गेली आणि शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, तेव्हा एकाच लीळेची वेगवेगळी रूपे पुढे आली. महानुभावांनी त्यांतले एक ठेवून बाकीची फेकली नाहीत. पाठभेदाला त्यांनी ‘वासना’ असे नाव दिले आणि ही वासना अमक्याची, ती तमक्याची, अशी नोंद ठेवली. मराठी गद्याच्या पहिल्याच मोठ्या ग्रंथात ‘हे कोणी सांगितले’ या प्रश्नाला मान आहे. सांगणारी बाई असो, साधा भक्त असो, तिचे वा त्याचे नाव मजकुराला चिकटून राहते.

दुसरे उदाहरण राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपतींचे. त्यांचा ‘भक्तविजय’ (१७६२) इंग्रजीत गेला तो अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन अॅबट यांच्यामुळे. अॅबट मायदेशी परतल्यावरही संतचरित्रांचे अनुवाद करत राहिले, आणि १९३२ मध्ये वारले. १९३३-३४ मध्ये दोन खंडांत निघालेल्या ‘स्टोरीज ऑफ इंडियन सेन्ट्स’वर अॅबट यांच्या नावाशेजारी पंडित नरहर गोडबोले यांचे नाव आहे. मिशनऱ्याच्या दृष्टीविषयी हवे तेवढे वाद घालावेत, पण गोडबोल्यांचे नाव तिथे आहे ही गोष्ट साधी नाही. तो काळ असा होता की ‘एका नेटिव्ह पंडिताच्या साहाय्याने’ एवढ्यावर भागवले जाई.

या कसोटीवर फेल्डहाऊस यांचे काम लावून पाहिले तर त्यांच्याविषयी आदर वाढतो. शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर त्यांनी स्मृतिस्थळाचा अनुवाद केला (१९९२), जुन्या मराठीचा कोश केला (१९९९). दोन्हीकडे दोघांची नावे. सोन्थायमर यांच्या मृत्यूनंतर त्यांचे खंडोबाविषयक निबंध सहसंपादकांबरोबर एकत्र करून १९९७ मध्ये छापले. आणि २०१४ मध्ये बिरोबा व धुळोबा यांच्या दोन दीर्घ धनगरी ओव्यांचा अनुवाद काढला, तेव्हा मुखपृष्ठावर फेल्डहाऊस यांच्याबरोबर रामदास अटकर आणि राजाराम झगडे अशी नावे आली. उगवू नको असे सूर्याला आणि मावळू नको असे चंद्राला सांग, अशा अर्थाचे त्या पुस्तकाचे नाव आहे. १९८९ च्या शीर्षकात देवांची नावे गळली होती. २०१४ च्या शीर्षकात ओवीतला धनगरच बोलतो. पंचवीस वर्षांत ज्ञानव्यवहार एवढा सरकला. तो आपोआप सरकला नाही. एका अनुवादिकेने आधी जर्मनकडून शिकून, मग महाराष्ट्राच्या खेड्यांत पुन्हा पुन्हा येऊन तो सरकवला. पुढे लीळाचरित्राचा इंग्रजी अनुवादही त्यांनीच हाती घेतला आणि २०२४ मध्ये मूर्ती क्लासिकल लायब्ररीत त्याचा पहिला खंड निघाला. म्हाइंभटाच्या शाळेत शिकलेल्या माणसाला नाव लिहिण्याचे महत्त्व कळले, याचे मला नवल वाटत नाही.

धनगरी ओवी ऐकलेल्यांना ठाऊक असते की ती एका गळ्याची नसते. पुढचा गातो, मागचे उचलतात, झांज वाजते, मग गाणे थांबवून कथा बोलून सांगितली जाते, पुन्हा गाणे. सुंबरान मांडले की रात्र पुरत नाही. अशी रचना कागदावर उतरवायला एक माणूस कधीच पुरा पडत नाही. लिहून काढणारा, अर्थ लावणारा, धनगरी बोलीतला शब्द प्रमाण मराठीत समजावणारा, आणि मग तो इंग्रजीत नेणारा, असे चार हात लागतात. म्हणून ‘सोन्थायमर १९८९’ हा कंस मला खोटा नव्हे, पण अपुरा वाटतो. त्यात तेरा वर्षे आधीचा जर्मन ग्रंथ नाही, अनुवादिका नाही, आणि जिच्या आधाराने सगळे उभे आहे ती ओवी गाणारा नाही. संशोधनाच्या भाषेत यालाच संदर्भ देणे म्हणतात. म्हाइंभटाच्या भाषेत विचारायचे तर : वासना कोणाची?

५

इथे कोणी म्हणेल, नावाचा एवढा आग्रह कशाला? ज्ञान झाले ना जगाचे? या आक्षेपाचे उत्तर आमच्या डोंगरांवर आहे.

सोन्थायमर यांचा ग्रंथ इंग्रजीत आला त्याच वर्षी, १९८९ मध्ये, नगरमध्ये काम करणाऱ्या फादर हर्मन बाखर या मूळच्या स्विस जेझुइटाच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाची आखणी सुरू झाली. १९९२ पासून कामे उभी राहिली. जर्मन विकास बँक केएफडब्ल्यूचा पैसा नाबार्डमार्फत आणि जीटीझेड या जर्मन संस्थेचे साहाय्य प्रशिक्षणासाठी, अशी रचना होती. १९९३ मध्ये बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टची स्थापना केली. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे या कामाचे गाजलेले गाव. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचे, गावाने श्रमदान करायचे, झाडतोड आणि मोकाट चराई बंद करायची, हे कार्यक्रमाचे सूत्र. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार यांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे शब्द आधीच घरोघरी पोचवले होते, त्यामुळे ते कोणाला परके वाटले नाहीत.

या कामाने झालेले भले नाकारणारा माणूस आमच्या जिल्ह्यात सापडणार नाही. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची तिथे विहिरींना पाणी आले, जिथे खडी होती तिथे गवत आले, ऊसतोडीला आणि मुंबईला जाणारी काही माणसे घरी थांबली. मी पारनेर तालुक्यात वाढलो. पाण्याचे मोल मला कोणी शिकवायला नको.

पण चराई बंद झाली ती कोणाची? ज्याच्या गोठ्यात दोन गाई बांधल्या आहेत तो कापून आणलेले गवत घालू शकतो. शंभर मेंढरांना कापून घालता येत नाही. मेंढरू चालत चरते. पारनेरच्याच ढवळपुरीची धनगरे पावसाळा सरला की वाडे घेऊन कोकणाच्या बाजूला उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. त्यांच्या वाटेवरचा एकेक माळ ‘बंद’ झाला. वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संस्थेसाठी जॉन केर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्र आणि आंध्रातल्या पाणलोट प्रकल्पांचे मूल्यमापन केले, ते २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाणलोटाचा लाभ मुख्यतः खालच्या बाजूला जमीन असलेल्यांना होतो, आणि सामाईक रान बंद केल्याचा भार भूमिहीन आणि मेंढपाळ यांच्यावर पडू शकतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. म्हणजे हीही गोष्ट आपल्याला समुद्रापलीकडून येऊन सांगितली गेली.

आता दोन्ही कामे शेजारी ठेवू. एका जर्मन अभ्यासकाने सांगितले की हा कोरडा मुलूख शेतकरी आणि मेंढपाळ या दोघांनी मिळून वसवला, त्यांचे देव एकमेकांचे सोयरे आहेत, आणि रान ही ओसाड जागा नसून कोणाचे तरी घर आहे. जर्मन पैशाने उभ्या राहिलेल्या कार्यक्रमाने तेच रान ‘पडीक’ धरले आणि बंद केले. एकाने लिहिले तेव्हा दुसरा अजून सुरू व्हायचा होता. दोन्हींना जर्मन करदात्यांचा आधार होता, दोन्हींत भारतीय भागीदार होते, दोन्ही ‘सहकार्य’ म्हणून गौरवले गेले. पण एक पुस्तक धर्माच्या कपाटात गेले आणि दुसरी फाइल शेतीच्या. ‘भोवताल’ हा सोन्थायमर यांच्या शीर्षकातला तिसरा शब्द दोन्ही कपाटांमधला दरवाजा होऊ शकला असता. तोच शब्द इंग्रजी शीर्षकातून गेला.

माझा मुद्दा असा नाही की अभियंत्याने ओव्या वाचल्या असत्या तर चर खोदले नसते. मुद्दा साधा आहे. आमच्या लहानपणी सुगी झाली की धनगरांचा कळप रानात बसवत. वाघूर लावून रात्रभर मेंढरे शेतात कोंडायची, दुसऱ्या दिवशी वाघूर पुढे सरकवायची. लेंडीचे आणि मुताचे खत जमिनीत जायचे, बदल्यात धनगराला ज्वारी मिळायची. आई पायलीने माप घालायची आणि वर ओंजळभर जास्त टाकायची, ‘मेंढ्यांच्या पायाने लक्ष्मी येती’ म्हणून. मेंढरू नुसते गवत खाते असे नाही, ते माळावरचे सत्त्व शेतात आणून टाकते. वन आणि क्षेत्र यांचा हा रोजचा व्यवहार होता. देवांच्या कथांत सोन्थायमर यांना जे दिसले ते मुळात या व्यवहाराचे प्रतिबिंब. पाणलोटाच्या आराखड्यात मेंढपाळ ‘चराईचा दाब’ म्हणून आला. खत देणारा म्हणून, सोयरा म्हणून, देवाचा पहिला भक्त म्हणून आला असता, तर बंदीच्या वेळापत्रकात त्याच्या फेऱ्यांसाठी वाट ठेवता आली असती, बंद रानाच्या गवतात त्याचा वाटा मोजता आला असता. जो माणूस ग्रंथात नावाने येत नाही तो आराखड्यातही नावाने येत नाही. नावाचा आग्रह म्हणून.

६

२०२४ मध्ये जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव द्यायला मंजुरी मिळाली. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या धनगर घरात जन्मलेल्या, घाट बांधणाऱ्या, विहिरी खोदणाऱ्या अहिल्याबाई आता जिल्ह्याच्या प्रत्येक पाटीवर आहेत. मेंढपाळांच्या घरातले नाव क्षेत्राच्या शिखरावर पोचले. खंडोबाच्या बाबतीत जे झाले तेच पुन्हा : देव गावाचा झाला तेव्हा धनगर शिवेबाहेर राहिला होता, नाव जिल्ह्याचे झाले आहे तेव्हा त्याच्या मेंढरांना रान आहे का, हे विचारणे आता समीक्षकाचेही काम आहे.

परक्या विद्यापीठांशी होणाऱ्या सहकार्याकडे आपण दोनच नजरांनी पाहतो. एक तर ‘बघा, परक्यांना आपली किंमत कळली’ म्हणून छाती फुगवतो, नाहीतर ‘आमचे नेऊन त्यांनी नाव कमावले’ म्हणून चिडतो. दोन्ही नजरा आळशी आहेत. सोन्थायमर यांनी काही चोरले नाही. त्यांच्यावाचून कितीतरी ओव्या वाऱ्यावर गेल्या असत्या. फेल्डहाऊस यांनी अनुवाद केला नसता तर माझ्यासारख्याला तो ग्रंथ वाचायला मिळाला नसता, कारण मी तो इंग्रजीतच वाचला. माझ्या तालुक्याच्या देवाकडे मी हायडेलबर्ग आणि अॅरिझोना असा वळसा घालून पोचलो, यात मला कमीपणा वाटत नाही. वळसा लांब असला तरी वाट खरी होती.

पण त्या वाटेची दुरुस्ती आपण करायची आहे. मराठीत या विषयावर लिहिणाऱ्याने कंसात केवळ आडनाव आणि वर्ष टाकून पुढे जाऊ नये. ओवी कोणी गाइली, कोणत्या गावाच्या वाड्यावर, कोणत्या जत्रेत, कोणी उतरवून घेतली, कोणी कोणत्या भाषेत नेली, हे सगळे लिहावे. जागा जास्त लागली तर लागू द्यावी. पदवीसाठी धनगरी ओव्या गोळा करणाऱ्या आमच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींना ‘माहितीदार क्रमांक चार’ असे लिहायला शिकवू नये. आणि जिल्ह्याच्या पाणलोटाचा पुढचा आराखडा ज्या बैठकीत ठरेल, तिथे चराईच्या तक्त्यासमोर ढवळपुरीच्या एखाद्या वाड्याचा कारभारी बसलेला असावा. ज्वारीचे माप आणि लेंडीचे माप त्याला तोंडपाठ असते, आणि कोणत्या महिन्यात कोणत्या माळावर किती गवत असते हेही.